मंगळवारची माणसं

शेंद्र्याच्या कारखान्यांच्या मागच्या अंगाला जी वस्ती आहे, तिथं रविवार नुसता नावाला असतो. त्या दिवशी शाळेला कुलूप असतं आणि बाया डबा घेऊन कामाला जातात. खरा रविवार येतो तो मंगळवारी. त्या पट्ट्यातल्या छोट्या शेडची लाइट मंगळवारी बंद ठेवतात. मशिनी गप्प बसतात, म्हणून माणसांनाही गप्प बसायची परवानगी मिळते. वस्तीतला न्हावी मंगळवारी उजाडायच्या आत दुकान उघडतो. पाव्हणेरावळे मंगळवारी येतात, मुलगी बघायची असली तर तीही मंगळवारीच. जाहेदाच्या घरी मटण शिजायचं ते मंगळवारी, आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या केसरबाईचा नेमका त्याच दिवशी उपास.

"तुझ्या फोडणीच्या वासानं माझा उपास मोडला तर पाप तुला लागंल बघ," असं केसरबाई दर मंगळवारी बजावायची, आणि दर मंगळवारी तिचा नातू कृष्णा जाहेदाच्या घरात ताट घेऊन बसलेला असायचा.

जाहेदा मूळची लासूर स्टेशनची. लग्न होऊन शेंद्र्याला आली आणि वर्षभरात केसरबाईच्याच ओळखीनं शेडमध्ये लागली. काम रबराच्या वायसरांचं. साच्यातून निघालेल्या वायसराच्या कडेला रबराचा पापुद्रा चिकटून राहतो, तो पात्यानं कापून काढायचा. साचे चालतात लाइटवर, पातं चालतं हातावर. ओळीनं बसलेल्या बाया दिवसभर माना खाली घालून कापत राहतात आणि तोंडानं मात्र सगळ्या शेंद्र्याची उठाठेव करतात.

आता एवढं सगळं ठीक होतं. पण जाहेदाची मुलगी आमरीन पहिलीत गेली आणि एक गोष्ट जाहेदाच्या लक्षात आली. आमरीनला सुट्टी रविवारी, तिला मंगळवारी. मंगळवारी सकाळी लेकीच्या दोन वेण्या घालायच्या, दारात उभं राहून तिला जाताना बघायचं. रविवारी आमरीन त्याच दारात उभी राहून आईला जाताना बघायची. घर एक, दार एक, आणि मायलेकी एकमेकींना निरोपच देत राहायच्या.

थंडीत शाळेची सहल शहरातल्या प्राण्यांच्या बागेत गेली. आमरीन नवीन रिबिनी बांधून गाडीत चढली, खिडकीजवळ बसली, आणि बाईंना विचारलं, "अम्मी कुठं बसणार?" सहलीला आया येत नसतात हे बाईंनी तिला समजावून सांगितलं. तिनं ते सगळं ऐकून घेतलं आणि दप्तर उचलून गाडीतून खाली उतरली.

संध्याकाळी जाहेदानं तिला जवळ घेतलं. "शेर नहीं देखना था तेरे कू?"

"देखना था. पन तू भी तो नै देखी ना, अम्मी. फिर मैं अकेली कायकू देखूँ?"

खरंच, जाहेदानं वाघ बघितला नव्हता. पुस्तकात बघितला होता, टीव्हीत बघितला होता, टेम्पोच्या मागं रंगवलेला बघितला होता. लासूरला असताना आणि शेंद्र्याला आल्यावरही शहर जवळच होतं, बाग शहरातच होती, आणि सव्वीस वर्षांत तिला कुणी म्हणालं नव्हतं की चल.

"जाएंगे," ती म्हणाली. "दोनो मिलके जाएंगे."

शेडमध्ये तिनं हे सांगितलं तेव्हा आधी हसू झालं, मग कुणीतरी म्हणालं, मी बी नाय बघितला. मग दुसरी म्हणाली. मग असं निघालं की त्या आख्ख्या ओळीत वाघ बघितलेली एकच बाई होती, केसरबाई, आणि तिनं तो सर्कशीत बघितला होता.

"म्हातारा होता," केसरबाई म्हणाली. "त्याच्यापरीस माझी सासू जास्त गुरगुरायची."

ठरलं. येत्या मंगळवारी जायचं. पोरांची एक दिवस शाळा बुडाली तर बुडाली. जाहेदाचा नवरा तन्वीर पाण्याच्या जारचा टेम्पो चालवायचा. त्यानं टेम्पो धुऊन काढला, मागं सतरंजी टाकली. बायांनी दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, ठेवणीतल्या साड्या काढल्या. आमरीननं थंडीतल्या त्याच रिबिनी बांधल्या. जालना रोडवरून टेम्पो शहराकडं निघाला, तेव्हा पोरं माकडांसारखी किंचाळत होती आणि केसरबाई म्हणत होती, "तिथं जाऊन पैसे कशाला द्यायचे, हितंच बघा की."

बागेच्या फाटकाला भलंमोठं कुलूप होतं. आत खुर्ची टाकून पहारेकरी बसला होता. त्याचं नाव सांडू, हे नंतर कळलं.

"दादा, उघडा की," जाहेदा म्हणाली.

"मंगळवार हाय आज."

"व्हय, म्हणून तर आलोत."

"मंगळवारी बाग बंद असती."

"मंगळवारी कशी बंद असंल?" जाहेदाला खरोखरच कळेना. "मंगळवारी तर सुट्टी असती!"

सांडूनं तिच्याकडं, मग मागच्या घोळक्याकडं, ठेवणीतल्या साड्यांकडं, दशम्यांच्या फडक्यांकडं नीट बघितलं. "कुण्या गावच्या म्हणायच्या तुमी?"

तेव्हा कुठं जाहेदाच्या डोक्यात उजेड पडला. सगळ्या शहराचा रविवार रविवारीच असतो. एवढी साधी गोष्ट त्या ओळीतल्या एकीलाही आठवली नव्हती. न्हाव्याला, पाव्हण्यांना, वस्तीतल्या वाण्याला, सगळ्यांना मंगळवार माहीत होता. वाघालाही माहीत असेल, असं धरूनच त्या आल्या होत्या.

आणि त्याच वेळी आतून आवाज आला. घशातून नाही, जमिनीतून आल्यासारखा. एकदा, मग पुन्हा एकदा. पोरं गप्प झाली आणि सगळीच्या सगळी फाटकाला जाऊन चिकटली. आमरीननं गजांमधून चेहरा जाईल तेवढा आत घातला. झाडं दिसत होती, फरशीची वाट दिसत होती, एका मोराचं शेपूट दिसत होतं. आवाज करणारा दिसत नव्हता.

"झाली का हौस?" मागून संस्कृती म्हणाली. ती ओळीतली सगळ्यात लहान, तिचा मुलगा बोबडं बोलायला लागलेला, पण अजून कडेवरचा. "आधी इचारायचं तरी कुणाला. येवढा खटाटोप करून कुलूप दावलंस."

चूक जाहेदाचीच होती. तिनं सतरंजी आणली आणि फाटकासमोरच्या सावलीत अंथरली. "बसा. आलोय तर जेवून जाऊ."

"इथं बसता यायचं नाय, बाई," सांडू म्हणाला.

"रस्ता काय बागेचा हाय का?" केसरबाईनं फडकं सोडलं. "तुमी बी या. चटणी झणझणीत हाय."

सांडू आला नाही. पण दशमी गजांमधून घेतली.

जेवणं चालली असताना एक जीप आली. बागेचे कुणी साहेब होते. वाईट माणूस नव्हता. उतरून त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसले आणि म्हणाले, "मंगळवारी प्राण्यांनाही विश्रांती असते. पिंजरे धुतले जातात, मोठ्या प्राण्यांना त्या दिवशी उपास असतो. गर्दीपासून एक दिवस तरी त्यांची सुटका नको का?"

"म्हंजी माझ्यासारखाच," केसरबाई म्हणाली.

जाहेदाला ते पटलं. आठवड्यातून एकच दिवस कुणी आपल्याकडं डोळे लावून बसत नाही, याची किंमत तिला कळत होती. "त्यांची सुट्टी मोडा असं आम्ही म्हणत नाही, साहेब. पण बाकीचे दिवस आमच्या शेडचे. शेड सुटेपर्यंत तुमचं फाटक बंद होतं. मग आम्ही यायचं कधी?"

"असं करा ना," साहेब म्हणाले. "मुलांना रविवारी पाठवा. मी एका संस्थेशी बोलतो. गाडी येईल, स्वयंसेवक येतील, मुलांना टोप्या, खाऊ, सगळं फुकट. तुम्हाला कामही बुडवायला नको. तुम्ही कशाला हवं आहात?"

सगळ्या बायांच्या माना जाहेदाकडं वळल्या. संस्कृतीचा चेहरा तर उजळलाच होता.

"मीही बघितला नाही, साहेब," जाहेदा म्हणाली.

"काय?"

"वाघ. मीही बघितला नाही. माझी पोरगी पहिल्यांदा वाघ बघंल तेव्हा मला तिच्या शेजारी उभं राहायचंय. टोप्या वाटणाऱ्या ताईनं नाही."

साहेब थोडे गोंधळले. आपण एवढं सगळं देऊ केलं त्यात कमी काय पडलं, हे त्यांना उमगेना. "बघा बुवा," ते म्हणाले, आणि जीप आत गेली. कुलूप उघडलं तसंच पुन्हा लागलं.

परतीच्या वाटेवर टेम्पोत कुणी किंचाळलं नाही. संस्कृती शेवटी बोललीच. "तुझ्या हट्टापायी माझ्या लेकराचं नुसकान कशाला?"

"तुझ्या लेकराला पाठव. मी कुठं आडवते? पण मला सांग संस्कृती, तो घरी येऊन वाघ कसा होता ते सांगंल, आणि तू मान हलवशील. असं किती दिवस मान हलवायची? त्यानं सगळं बघायचं आणि आपण त्याच्याकडून ऐकायचं?"

संस्कृतीनं तोंड फिरवलं. पण मुलाला पाठवते असंही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जाहेदा पातं खाली ठेवून उठली आणि काकासाहेबांपुढं जाऊन उभी राहिली. काकासाहेब म्हणजे सुपरवायझर. मालक महिन्यातून एकदा दिसायचा, बाकी सगळं राज्य यांचं.

"येत्या रविवारी आम्हाला सुट्टी पाहिजे."

"आम्हाला म्हंजी?"

"सगळ्या ओळीला."

"कुणाचं लगीन हाय?"

"लगीन नाही. वाघ बघायचाय."

साच्यावरची माणसंसुद्धा हसली. काकासाहेब तर खुर्चीत मागं रेलून हसले. "अगं, घरोघरी नवरे हायत की तुमच्या!"

"मांजरं हायत समदी," केसरबाई ओळीतूनच म्हणाली, आणि हसू काकासाहेबांकडून बायांकडं सरकलं.

जाहेदा हसली नाही. "सोमवारच्या गाडीचा माल आम्ही शुक्रवारी, शनिवारी जास्त बसून पुरा करतो. रविवारचा दिवस मंगळवारी भरून देतो."

"मंगळवारी लाइट नसती, ठावं नाय का तुला?"

"साच्याला लाइट लागती, साहेब. पात्याला कुठं लागती? शेडच्या दारातल्या कडुलिंबाखाली बसून कापू. उजेड देवाचा."

काकासाहेबांनी आवाज चढवला. "आज वाघ म्हणताल, उद्या हत्ती, परवा म्हणताल ताजमहाल दावा! रविवारी जी येणार नाय, तिनं सोमवारी बी यायचं नाय. सांगून ठेवतो."

जाहेदा जागेवर येऊन बसली. पातं बोटाला लागलं. तिनं बोट तोंडात धरलं आणि दुसऱ्या हातानं पुढचं वायसर उचललं.

ते तीन दिवस ओळीत नेहमीसारख्या गप्पा नव्हत्या. शुक्रवारी आणि शनिवारी सगळ्या जास्त बसल्या. गाडीचा माल झाला, पोती शिवून लागली. काकासाहेबांनी ती मोजून बघितली. पण जातील की नाही, हे कुणीच कुणाला विचारत नव्हतं. शनिवारी नळावर संस्कृती घागर भरताना म्हणाली, "मी येत नाय. माझ्या घरधन्याचं बी काम सुटलंय. राग धरू नको."

"नाही धरत," जाहेदा म्हणाली. आणि खरंच धरला नाही.

घरी तन्वीर खाटेवर बसला होता. "सोमवारी काम गया तो?"

"तो दुसरा देखूँगी."

"इतना आसान है क्या? बस एक शेर के वास्ते?"

जाहेदा आमरीनच्या केसांना तेल लावत होती. आमरीन अर्धवट झोपेत आईच्या मांडीवर डोकं टेकून बसली होती. "शेर के वास्ते नहीं," जाहेदा म्हणाली. "छे साल की हो गयी ये. इसके साथ मेरी एक भी पूरी सुट्टी नहीं गुजरी. हात मेरे है, शेड के नहीं है. कल के दिन तो मैं इसकीच हूँ."

तन्वीर उठला. त्यानं टेम्पोची किल्ली खुंटीवरून काढली आणि तिच्या उशाशी ठेवली.

रविवारी सकाळी जाहेदा आणि आमरीन टेम्पोजवळ येऊन उभ्या राहिल्या. वस्तीत सामसूम होती. जाहेदानं मनाशी ठरवून टाकलं होतं, कुणी नाही आलं तरी जायचं. दोघींनीच जायचं. तरीपण तिचे डोळे बोळाकडंच होते.

आधी केसरबाई आली. हिरवं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, कृष्णाचा हात घट्ट धरलेला. "माझं वय झालं, मला कोण काढतंय," ती म्हणाली. "आनि काढलं तर काढलं. माझ्या सासऱ्याची जमीन कारखान्यात गेली तवा कुठं मला इचारलं होतं." मग एक आली, मग दोघी बरोबर आल्या, मग पोरांचा आवाज आला. टेम्पो भरला. तन्वीरनं गाडी चालू केली, तेव्हा मागून कुणीतरी हाका मारत पळत आलं. संस्कृती होती. अंगावर शेडमधला निळा कोट, कडेवर पोरगं, हातात डबा नाही की पिशवी नाही.

"शेडच्या दारापर्यंत जाऊन आले," ती धापा टाकत म्हणाली. "ओळीत कुत्रं बी नाय. एकटी बसून काय कापू?"

सगळा टेम्पो हसला. जाहेदानं तिला हात देऊन वर ओढलं.

फाटकावर सांडूच होता. रांग मोठी होती. "आज रविवार हाय बरं का," तो जाहेदाला म्हणाला.

"शहराचा हाय," ती म्हणाली. "आज आमचाबी."

वाघ झोपलेला होता. खंदकापलीकडं, झाडाखाली, पाठ करून. लोक ओरडत होते, शिट्ट्या मारत होते, तो कान हलवत होता, बस. जाहेदानं आमरीनला उचलून कठड्याशी धरलं. सहा वर्षांची पोर आता जड झाली होती, कंबर भरून आली, पण तिनं खाली ठेवलं नाही. आणि मग कुणाच्या शिट्टीमुळं नाही, आपल्याच मनानं तो उठला. अंग ताणलं. पट्टे आधी लांबले, मग जवळ आले. तो खंदकाच्या कडेनं चालत सरळ त्यांच्या समोरून गेला, असा की त्याच्या खांद्याची हाडं कातड्याखाली वरखाली होताना दिसत होती. जाहेदाला वाटलं होतं तसा तो मुळीच नव्हता. टेम्पोच्या मागं रंगवतात तसा चिडलेला नव्हता. मोठा होता, आणि त्याला तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिच्या अंगावर काटा आला.

आमरीन वाघाकडं बघत होतीच, पण मधूनमधून आईच्या तोंडाकडंही बघत होती.

"अम्मी, तू डरी?"

"थोडी."

"मैं भी थोडी," आमरीन म्हणाली, आणि खूश झाली.

मग दिवस धावायला लागला. माकडं झाली, हरणं झाली, साप झाले. केसरबाईनं सापाच्या काचेपुढं उभं राहून हात जोडले आणि मग म्हणाली, "तुला काचंआड बघायची येळ आली बाबा." संस्कृतीनं निळा कोट काढून कमरेला बांधला होता आणि कृष्णाबरोबर पळत होती. ती जेमतेम वीस वर्षांची आहे हे सगळ्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

दुपारी जाहेदा मगरीच्या तळ्याशी होती तेव्हा तिचा फोन वाजला. काकासाहेब. तिनं वाजू दिला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा केसरबाईनं तिच्या पिशवीतून फोन काढला आणि कानाला लावला.

"कोन? ती मगरीजवळ हाय. तिला येळ नाय." पलीकडून बराच वेळ बोलणं ऐकू येत राहिलं. केसरबाई ऐकत होती, कृष्णाचं नाक पदरानं पुसत होती. "हे बघा काकासाहेब, गाडी पाठवू नका, पोरं सोडून कुनी येत नाय. मालाचं म्हणाल तर सोमवारच्या गाडीचा माल शिवून ठिवलाय, तुमी सोता बघितलाय. उरलेलं आमी करू. मंगळवारी लिंबाखाली पातं घिऊन येऊ का नको, तेवढं एक सांगा." ती थांबली. मग फोनकडं बघितलं. "ठिवला."

"काय म्हणाले?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

"व्हय बी नाय म्हनला. नको बी नाय म्हनला."

"म्हणजे यायचं?"

"म्हंजी जायचं," केसरबाई म्हणाली. "आनि हाकललं तर लिंबाखालीच बसायचं. लिंब कुठं त्याच्या बापाचा हाय."

जाहेदानं ते सगळं ऐकलं, पण मागं वळून बघितलं नाही. तळ्यात मगर पडली होती, अर्धी पाण्यात, अर्धी चिखलात, दगडासारखी. ती खरी आहे की नाही हे एवढ्या वेळात ठरत नव्हतं. जाहेदा कठड्यावर कोपरं टेकून तिच्या डोळ्याकडं बघत होती.

आमरीननं तिची ओढणी ओढली. "चल ना अम्मी. पाँव दुखते. घर चल."

"रुक, बेटा."

"कितना रुकूँ?"

"जरासा. मेरे कू देखना है ये पलक मारती क्या."

आमरीननं सुस्कारा टाकला, एखाद्या मोठ्या बाईसारखा, आणि आईच्या पायांना टेकून जमिनीवर बसली. बायांच्या हाका येत होत्या, आइस्क्रीमची गाडी आली होती. मगर हलत नव्हती. जाहेदालाही हलायचं नव्हतं.